दोन पायांवरचा टेरोसॉर

पेणमध्ये एका शिक्षणसंस्थेचं विज्ञान दालन आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिच्याशी माझं अजून पुरतं मिटलेलं नाही. दालनात शिरलं की डाव्या हाताची अख्खी भिंत म्हणजे एकच चित्र आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा खाडीकाठ, ओहोटीची वेळ, ओला चिखल आणि वर आभाळात पंख पसरलेले टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले उडणारे प्राणी. ते चित्र मी काढलं. एकटीने, चार महिने, बांबूच्या परांचीवर बसून. आणि अठरा वर्षं त्या चित्राखाली माझं नाव नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, पानं किती देणार? ते सहा म्हणाले. मी आठ मागितली. सातावर तोडलं. मग त्यांनी भीत भीत सांगितलं, "ताराबाई, जरा हलकंफुलकं असू द्या." ते मात्र मी कबूल केलेलं नाही.

नामशेष झालेल्या प्राण्यांची चित्रं काढणं हा माझा धंदा. ऐकणाऱ्याला हे मजेचं वाटतं. बघितलेलं कुणीच नाही, तेव्हा मनाला येईल ते काढा, कोण विचारणार! माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर बरीच वर्षं असंच वाटत होतं. ते धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचे आणि आल्यावर माझ्या टेबलाकडे बघून म्हणायचे, "आज कोणाला जिवंत केलंस?" खरी गोष्ट अशी आहे की गाय काढताना चुकलात तर लोक म्हणतात, गाय जरा वेगळी दिसते. हे प्राणी काढताना चुकलात तर बघणाऱ्याला कळतच नाही, आणि ती चूक तो जन्मभर खरी म्हणून डोक्यात ठेवतो.

म्हणून या कामात प्राणी शेवटी येतो. आधी जमीन काढायची. ती कोरडी की ओली, पाणी गोडं की खारं, ऊन कुठल्या बाजूचं, हे ठरलं की झाडं. झाडांपाशी निम्मे चित्रकार फसतात. ज्या काळात मोठमोठे डायनोसॉर फिरत होते त्यातल्या बऱ्याच काळात फुलझाडं नव्हती आणि पायाखाली गवत नव्हतं. नेचे होते, सायकससारखी झुपकेदार झाडं होती, सुरूसारखी दिसणारी उंच झाडं होती. एका प्रकाशकाने माझ्याकडून मुलांच्या पुस्तकासाठी बारा चित्रं करून घेतली आणि तेराव्या दिवशी फोन केला, "बाई, दोन नारळाची झाडं टाका ना मागे. आपल्या मुलांना जवळचं वाटेल." मी म्हटलं, "आणि बाजूला शहाळीवाला?" तो थोडा वेळ खरंच विचार करत होता.

कोलाडजवळ हायवेला लागून एका गृहस्थांचं रिसॉर्ट आहे. त्यांना फाटकाच्या भिंतीवर डायनोसॉर पाहिजे होता. लांब मानेचा, झाडाचा शेंडा खाणारा. पण दात दिसले पाहिजेत आणि तोंडाला रक्त पाहिजे.

"तो पाला खाणारा होता," मी सांगितलं.

"मग पाला लाल दाखवा."

"आणि तोंड कशाला उघडं? तुम्ही दिवसभर तोंड उघडं ठेवून फिरता का?"

"गिऱ्हाईक आलं का ठेवतो," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि मी हसले की माझा भाव पडतो हे मला माहीत आहे. शेवटी मांसाहारी प्राणी, तोंड बंद, रक्त नाही, पण पायाशी अर्धी खाल्लेली मासळी, अशा तहावर आम्ही आलो. आजही ती मासळी तिथे आहे. लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

मी हे शिकले कुठे, असं विचारतात. शाळेत सातवीपर्यंत. पुढचं पेणजवळच्या जोहे गावात, गणपतीच्या कारखान्यात. आमचं घर पेणच्या खाडीकडच्या गावात, वडील मिठागरावर. सकाळी बांधावरून चालताना ते चिखलातले ठसे बघून सांगायचे, हा कोल्हा गेला, इथे बगळा थांबला, इथे निवट्या सरपटला. निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा. मी मागून चालत ते ठसे काठीने पुन्हा काढायची. चौदाव्या वर्षी मी जोह्याला दामूअण्णांच्या कारखान्यात रंगकामाला लागले. आधी पाट रंगवायचा, मग पितांबर, मग दागिने. आठ वर्षांनी अण्णांनी माझ्या हातात सगळ्यात बारीक कुंचला दिला आणि आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. पापणी, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. हे सगळ्यात शेवटी करतात. अख्खी मूर्ती तयार असते आणि तिला काहीच दिसत नसतं. मग तुमचा हात फिरतो आणि ती तुमच्याकडे बघायला लागते.

अण्णांचा एक कडक रिवाज होता. डोळे उघडले की मूर्तीला कुंचला लावायचा नाही. एकदा माझ्या हातून सोंडेवरचा एक वेल राहून गेला होता आणि मी डोळे झाल्यावर तो काढायला गेले. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"डोलं उघडलं का मग हात नाय लावायचा, गो. त्यो बघतोय आता."

"पण वेल राहिलाय, अण्णा."

"राहू दे. आधी बघायचा होता."

दुसरा रिवाज कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळे पाळत. मूर्तीवर कारागिराचं नाव नसतं. कारखान्याची पाटी बाहेर असते, मूर्तीवर काही नाही. देवावर कोण सही करणार? मी तिथे हजारो डोळे उघडले असतील. कुठल्या घरात कुठले, मला माहीत नाही आणि ते कुणी विचारावं असं मला कधी वाटलंही नाही. या दोन रिवाजांनी पुढे माझं काय केलं ते सांगते.

लग्न होऊन मी अष्टमीला आले. कुंडलिकेच्या पुलापलीकडे रोहा, अलीकडे आम्ही. घरात बसून शाळांसाठी तक्ते रंगवायला लागले. एका तक्त्यावर डायनोसॉर होते. ते लेले सरांनी बघितले. डॉ. लेले म्हणजे जुन्या प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक. त्यांनी पत्ता शोधून घर गाठलं, ओटीवर बसले आणि चहाच्या आधी म्हणाले, "तुमचे प्राणी सगळे चुकलेत. पण चिखल फार बरोबर आहे. चिखल कुठे बघितलात?"

पहिल्या वाक्याला मी उठून दार दाखवणार होते. दुसऱ्या वाक्याला बसले. त्यानंतर सहा वर्षं त्या माणसाने मला शिकवलं. टेरोसॉर हे डायनोसॉर नव्हेत, पक्षी नव्हेत आणि वटवाघूळही नव्हेत हे त्यांच्याकडून कळलं. त्यांचा पंख म्हणजे एका बोटावर ताणलेली कातडी. आपण अंगठी घालतो ना, त्या अनामिकेच्या जागचं बोट हाताहून लांब वाढलेलं. सर माझं बोट धरून दाखवायचे, "हे इथून त्या खांबापर्यंत न्या, ताराबाई. बाकीची तीन बोटं तशीच." अंगावर बारीक केसांसारखी लव. मी वाद घालायची, ते पुस्तकं पाठवायचे, मी शब्दकोश घेऊन बसायची. भांडून भांडून मी शिकले. दुसरी पद्धत मला येत नाही.

पेणच्या दालनाचं काम सरांमुळेच आलं. आराखडा त्यांचा, भिंत माझी. संस्थेच्या सचिवांबरोबर बोलणी झाली तेव्हा मी एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली. रंग मी सांगेन त्याच कंपनीचे. परांची दोन फळ्यांची नाही, चार फळ्यांची. उत्तरेकडची बंद केलेली खिडकी उघडायची, कारण मला उजेड हवा. गणपतीचा हंगाम आला की मी जोह्याला जाणार, त्या दिवसांत काम बंद. चहा माझ्या स्टोव्हवर, माझ्या वेळेला. सचिव शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही वकील का नाही झालात?" त्या दिवशी मी फुशारत एसटीत बसले. वाटलं, काही सोडलं नाही.

नाव मागायचं मला सुचलंच नाही.

कच्चं रेखाटन सरांनी तपासून दिलं होतं. त्यात सगळे टेरोसॉर उडणारे होते. मग सर काही आठवडे खोदकामासाठी बाहेरगावी गेले आणि मी काम करत राहिले. खाडी माझ्या हातात बसलेली होती. ओहोटीला चिखलावर जी शिशासारखी चमक येते, पाणी जाताना ज्या बारीक नाळा पडतात, ते सगळं उतरलं. तिवरांची, म्हणजे खारफुटीची झाडं काढायची हाताला फार सवय, पण तिवरं त्या काळात नव्हती, म्हणून दर वेळी हात आवरायची. शेवटच्या आठवड्यात खाली उतरून लांबून बघितलं तर पुढचा चिखल मोकळा दिसत होता. गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला मोकळी जागा सहन होत नाही. मी ठरवलं, इथे एक टेरोसॉर उभा करायचा. पुढे, मोठा, बघणाऱ्याच्या जवळ.

तो कसा उभा राहील? मी जन्मभर चिखलात उभे राहिलेले राखी बगळे बघितलेले. मी त्याला बगळ्यासारखा उभा केला. दोन पायांवर, पंख अंगालगत मिटलेले, मान किंचित वाकडी. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी डोळा उघडला. खोटं सांगत नाही, खाली झाडू मारणाऱ्या मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आगो बाय, ह्यो माझ्याकडं बघतोय."

दुसऱ्या दिवशी सर आले. बराच वेळ वर बघत राहिले. चिखलाचं कौतुक केलं. मग पुढच्या प्राण्यापाशी आले आणि विचारलं, "हा कोण?"

"मी घातला. जागा मोकळी होती."

"ताराबाई, हे दोन पायांवर नाही उभे राहत. जमिनीवर ते चार पायांवर चालायचे. पंख वर दुमडून हाताच्या तीन बोटांवर टेकायचे. त्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत. फोटो आहे माझ्याकडे."

"आता नाही होणार."

"दोन दिवसांचं काम आहे."

"सर, डोळा उघडलाय."

त्यांना काही समजलं नाही. मी अण्णांचा रिवाज सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "तो देव नाही, ताराबाई. सरपटणारा प्राणी आहे." आणि मला जो राग आला तो अजून आठवतो. खरं तर राग रिवाजावरून नव्हता. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डोळा होता आणि हा माणूस मला तो पुसायला सांगत होता. मी म्हटलं, "तुम्ही हाडं बघता, मी जिवंत जनावर बघते. चिखलात कसं उभं राहतात ते मला शिकवू नका." सरांनी पिशवीतून एक फोटो काढून पुढे केला. मी तो हातात घेतला नाही. कुंचले गुंडाळले आणि अष्टमीला निघून आले. सरांनी सचिवांना सांगून ते दुसऱ्या कुणाकडूनही बदलून घेतलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

उद्घाटनाला मी गेले नाही. दोन महिन्यांनी आईला घेऊन गेले. ती तोपर्यंत फार थकली होती, पण पेणला यायचा हट्ट धरून बसली होती. दालनात शिरल्यावर तिने चित्र कडेकडेने सगळं बघितलं. चिखलाजवळ वाकली. "आपलीच खाडी हाय गो ही," म्हणाली. मग तिला भिंतीवरची पितळी पाटी दिसली. आईला वाचता येत नव्हतं.

"ह्यात तुझं नाव कंचं?"

मी पाटी वाचली. "संकल्पना व मार्गदर्शन: डॉ. लेले." खाली संस्थेचं नाव. खाली देणगीदार. बस.

"कंचं गो?"

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे."

आईने ती अक्षरं हाताने चाचपली. एकेक. गावात जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं की ताराचं नाव पितळेत कोरलंय. ती गेली तेव्हाही तिला तसंच वाटत होतं.

त्या दिवसापासून मी लेले सरांशी बोलणं तोडलं. त्यांचे फोन आले, घेतले नाहीत. दोन पत्रं आली, ती तशीच परत पाठवली. माझी कला माझी आणि नाव त्यांचं, हा हिशेब मी डोक्यात पक्का करून ठेवला. पेणला कामाला गेले तरी त्या रस्त्याने जात नसे. काम चालू होतं. त्यानंतर एकही काम मी नावाशिवाय घेतलं नाही. कोलाडच्या त्या रिसॉर्टवाल्यालासुद्धा मासळीखाली माझं नाव घालायला लावलं. लोकांना वाटायचं ते मासळीचं नाव आहे.

मागच्या वर्षी दालनातून फोन आला. नव्या अधीक्षक मॅडम होत्या, आवाज तरुण. "दालन नव्याने मांडतोय. सगळ्या पाट्या बदलणार आहोत. लेले सरांनी हट्ट धरलाय की तुमचं नाव यायलाच पाहिजे. पाटी तयार आहे, तुम्ही बघून जा. सोमवारी उघडतोय." मी म्हटलं, "अठरा वर्षांनी?" त्या म्हणाल्या, "मी तेव्हा शाळेत होते हो."

मी गेले ते भांडायच्या तयारीने. गाडीत बसून काय काय बोलायचं ते ठरवत होते. दालनात शिरले तर लेले सर खुर्चीवर बसलेले, हातात काठी. फार वाळले होते. मी नमस्कार केला नाही. मॅडमनी अडचण ओळखली असावी, कारण त्या "चहा सांगते" म्हणून निघून गेल्या आणि जाताना टेबलावर जुन्या अभिप्रायाच्या वह्यांची चळत ठेवून गेल्या. हात मोकळे होते म्हणून मी एक वही उघडली.

शाळांच्या सहलींचे अभिप्राय. छान, सुंदर, माहितीपूर्ण. मग एका पानावर बारीक अक्षरात, कुठल्या तरी कॉलेजातल्या माणसाने लिहिलेलं: "पुढचा टेरोसॉर दोन पायांवर उभा आहे. डॉ. लेल्यांसारख्या माणसाला एवढं माहीत नसावं याचं आश्चर्य वाटतं." पुढच्या वर्षाच्या वहीत तसंच एक. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. एकाने नुसतंच लिहिलं होतं, "लेले सर, ठसे विसरलात का?" आणि खाली हसरं तोंड काढलं होतं. मी सगळ्या वह्या चाळल्या. कुठेही सरांचं उत्तर नव्हतं.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला तर समोरासमोर विचारतात. सभेत विचारतात."

"मग सांगितलं का नाही, की बाईने ऐकलं नाही म्हणून?"

"खाली नाव माझं होतं, ताराबाई."

मी वही मिटली. मग जे अठरा वर्षं साठलं होतं तेच बाहेर आलं, "आणि माझं का नव्हतं?"

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "सचिवांनी मजकूर दाखवला, मी शुद्धलेखन बघून सही केली. चित्र काढणाऱ्याचं नाव नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. सहा महिन्यांनी आलं. तेव्हा तुम्हाला पत्र लिहिलं."

"मी परत पाठवलं."

"दोन्ही."

"तुम्हाला तेव्हा पाटी बदलता आली असती."

"आली असती. सचिव नाही म्हणाले आणि मी भांडलो नाही. तुम्ही असतात तर भांडला असतात."

त्यांनी कबूल केलं म्हणून माझा राग गेला असं नाही. त्यांच्या लक्षात यायच्या आधीच आई येऊन गेली होती. पण तो राग आता सरळ उभा राहीना. मी म्हटलं, "तो फोटो आहे?" त्यांनी पाकिटातून काढला. तोच होता की दुसरा, मला माहीत नाही. या वेळी मी हातात घेतला.

दगड झालेला चिखल होता तो. त्यावर ओळीने ठसे. लांबट पाऊल, आणि त्याच्या जरा बाहेर, प्रत्येक पावलासोबत, तीन बोटांचा लहान ठसा, एक बोट मागे वळलेलं. पुन्हा पाऊल, पुन्हा तीन बोटं. मिठागराच्या बांधावर वडिलांच्या मागून चालणाऱ्या मुलीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. प्राणी अंगाचा भार पुढे टाकत, हात टेकत, घाईने चालला होता. मला तो चालताना दिसला. मी हा फोटो तेव्हा नुसता बघितला असता तर त्याच दुपारी परांचीवर चढले असते, डोळा असो की नसो.

मॅडम चहा आणि नवी पाटी घेऊन आल्या. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. "चित्रकार: तारा म्हात्रे." सगळ्यात वर, एकटी ओळ. मी ती बराच वेळ बघितली. मग म्हटलं, "मला तीन दिवस द्या. परांची लावा. मी हा प्राणी बदलते."

मॅडम म्हणाल्या, "काकू, शक्य नाही. भिंतीला ओल आहे. तज्ज्ञांनी तपासलंय, रंगाला हात लावला तर पापुद्रे सुटतील. आहे ते काचेमागे जपायचं ठरलंय. उद्या काच बसतेय."

"मग हा असाच राहणार?"

"छान दिसतो की. मुलांना सगळ्यात तोच आवडतो."

"तो चूक आहे."

"ते किती लोकांना कळतं?"

हेच वाक्य. हेच मी जन्मभर प्रकाशकांना आणि रिसॉर्टवाल्यांना बोलू दिलं नव्हतं. आणि माझं नाव, जे मला हवं होतं, ते त्याच वाक्याच्या खाली लागणार होतं. मी पाटी टेबलावर ठेवली. "मग ही पाटी लावू नका."

सर दचकले. मॅडमचा चेहरा पडला. "काकू, तुमच्या नावासाठी तर सगळं..."

"नाव पाहिजे. अशा पाटीवर नको. भिंत देत नसाल तर मला पाटीवर चार ओळी जास्त द्या."

मी तिथेच अभिप्रायाच्या वहीच्या मागच्या पानावर मजकूर लिहिला. मॅडमनी तो वाचला आणि ठाम नाही म्हणाल्या. संस्था स्वतःच्या चित्राला चुकीचं कसं म्हणेल? विश्वस्त काय म्हणतील? मी म्हटलं, संस्था म्हणत नाही, चित्रकार म्हणतोय. त्या म्हणाल्या, दोन ओळी चालतील. मी चारवरच राहिले. त्या तीनवर आल्या आणि म्हणाल्या, ती "ऐकलं नाही" वाली ओळ तरी काढा. सरही म्हणाले, "ती कशाला, ताराबाई? ते आपल्यातलं आहे." मी सांगितलं, त्याच ओळीसाठी बाकीच्या तीन आहेत. ती गेली तर माझं नाव काढा, सरांचंही काढा आणि भिंतीवर पडदा टाका. मी इथून हलणार नाही. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि विश्वस्तांना फोन लावायला बाहेर गेल्या. पाऊण तास लागला.

आता तिथे पाटीवर असं आहे:

"समोर उभा असलेला टेरोसॉर दोन पायांवर दाखवला आहे. हे चूक आहे. टेरोसॉर जमिनीवर चार पायांवर चालत. डॉ. लेले यांनी ही चूक चित्र पुरं होताना दाखवली होती, चित्रकाराने ऐकलं नाही. चित्रकार: तारा म्हात्रे, अष्टमी, रोहा."

दालन उघडल्यावर मी दोनदा जाऊन बाकावर बसून आले. मॅडम सांगतात, आधी लोक त्या भिंतीवरून चालत चालत नजर फिरवायचे. आता पाटीपाशी थांबतात, वाचतात, मग मागे सरून पायांकडे बघतात. काही जण तिथल्या तिथे हात गुडघ्यांवर ठेवून वाकतात आणि चार पायांवर कसं चाललं असतं ते करून बघतात. परवा एक बाई पाटी वाचून मैत्रिणीला म्हणाली, "ही म्हात्रे बाई नवऱ्याचं तरी ऐकत असेल का गं?" मी मागे बाकावरच होते. सरांना फोन करून सांगितलं. ते खूप हसले आणि मग त्यांना खोकला लागला.

एकच गोष्ट राहिली आहे. पाटीवर "हे चूक आहे" ही अक्षरं माझ्या नावापेक्षा मोठी घेतली आहेत. असं ठरलं नव्हतं. मॅडमना मी दोन पत्रं पाठवली आहेत, तिसरं लिहून ठेवलं आहे.